हळदीनं तपासलेली चाकं

आमच्या दुकानात जॅकच्या शेजारी हळदीची बरणी दिसली की नवं गिऱ्हाईक आधी देवाचा फोटो कुठं लावलाय ते शोधतं. त्याला वाटतं, म्हातारा प्रत्येक गाडीची पूजा करून देतो. मी वाटू देतो. खरं म्हणजे ती हळद आमचं हत्यार आहे, पान्यासारखं. ते कसं चालतं ते पुढं ओघात येईलच.

मी मारोती पांचाळ. वारंगा फाट्यावर टायर आणि रीमचं दुकान चालवत आलो. आता गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून काम पुतण्या बघतो आणि मी खुर्चीवर बसून पुतण्याकडं बघतो. एका रस्त्यानं नांदेड, दुसऱ्यानं हिंगोली, त्यामुळं ट्रक, ट्रॅव्हल्स, हळदीचे टेम्पो, सगळं आमच्या दारावरून जातं. रस्ता रुंद झाला तशा एरवी कधी न दिसणाऱ्या गाड्याही दिसायला लागल्या. जमिनीला पोट लावून पळणाऱ्या, दोनच माणसांच्या. रस्ता गुळगुळीत म्हणून त्या पळतात आणि मधेच एखाद्या खड्ड्यात त्यांची रीम तडकते. मग नाइलाजानं त्या पांचाळाच्या दारी येतात.

माझे वडील सुतार. कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यांतून बैलगाडीची चाकं करून द्यायचे. चाकाच्या मधोमध जो लाकडी गड्डा असतो, ज्यात सगळे आरे ठोकलेले असतात, त्याला तुंबा म्हणतात. गाडीची आस त्या तुंब्यात जाते. वडील आसेला तेलात कालवलेली काजळी फासायचे, चाक घालून एक फेरा द्यायचे आणि काढून आत बघायचे. तुंब्यात जिथं काळं लागलं तिथं आस घासते, तेवढंच तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा फेरा. सगळीकडं सारखा काळा हात फिरला की म्हणायचे, "आता चाक बसलं." त्याआधी गाडीचा धनी कितीही कावला तरी चाक देत नसत. बैलगाड्यांचं काम संपलं, तुंबे चुलीत गेले, त्याचं वाईट वाटतं. पण ते एक वाक्य मी दुकानात आणलं आणि त्याच्यावरच नाव कमावलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रीम म्हणजे काय, बोल्टची भोकं जुळली की लावली. तेवढंच असतं तर मी काहून जन्म घालवला असता? भोकं तर जुळलीच पाहिजेत, आणि त्यांचं वर्तुळही तंतोतंत पाहिजे. केसभर फरक असला तरी बोल्ट जोर लावून आत जातो आणि तिरपा बसतो. पण त्यापुढं खरी गंमत आहे. गाडीच्या बाजूनं मधोमध एक उंचवटा येतो, त्याला हब म्हणतात. रीमच्या मधलं भोक त्या हबवर घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे चाक बरोबर मधोमध राहतं. बोल्टनी फक्त धरून ठेवायचं. मग रीम आत किती जाते आणि बाहेर किती येते ते बघायचं, त्याला ऑफसेट म्हणतात. फार आत गेली तर आतल्या दांडीला लागते, फार बाहेर आली तर मडगार्डला. पळणाऱ्या गाडीचे ब्रेक मोठे, म्हणून रीमचे आरे ब्रेकपासून सुटे राहतात का तेही बघायचं. इतकं सगळं जमलं तर ती रीम त्या गाडीची. नाहीतर ती नुसती दिसायला चांगली.

दिसण्यावर भुलणारे पुष्कळ भेटले. एका हळद व्यापाऱ्याचा मुलगा मोठ्या गाडीला आणखी मोठ्या रीम घेऊन आला. चाकं गाडीच्या बाहेर आली पाहिजेत, लांबून रुबाब दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "मालक, रुबाब बाहेर येईल, पण वळणावर टायर बी सोलून निघंल." तो हसून दुसरीकडं गेला. काही दिवसांनी आला तेव्हा टायरचा खांदा दोडक्याच्या शिरांसारखा सोललेला होता. बिचाऱ्यानं नुसता चहा मागितला. मीही नुसता चहा पाजला. पुढं त्याच्या घरच्या सगळ्या गाड्या माझ्याकडं आल्या.

हळद मला याच धंद्यानं शिकवली. टायर काळा, मडगार्डच्या आतलं अस्तर काळं. तिथं वडिलांची काजळी लावून काय दिसणार? खडू लावून बघितला, झडून जातो. दुकानासमोर एकदा टेम्पोतून हळदीचं पोतं फाटलं आणि रस्त्याची सगळी कडा पिवळी झाली. ती दोन-तीन पावसांत निघाली नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हळद गोडेतेलात कालवायची, टायरच्या खांद्याला लावायची, गाडीत वजन ठेवायचं, दुकानामागच्या उतारावरून फिरवायची, स्टेअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवायचं. मग मडगार्डमध्ये बॅटरी मारून बघायचं. पिवळं दिसलं की घासतं. न दिसलं की बसलं.

आता अरुणाची गोष्ट. दुकानाबद्दल कोणी विचारलं की मी हीच सांगतो.

अरुणा राठोड सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. तिनं तिथल्या कोणा साहेबाची जुनी गाडी घेतली, लाल, दोन माणसांची, छप्पर उघडणारी. दसऱ्याला गावी येताना आमच्या फाट्याच्या अलीकडं खड्ड्यात तिची पुढची रीम तडकली. गाडी उचलून माझ्याकडं आणली. तसली रीम सुटी कुठं मिळेना, कारण ते मॉडेल कधीच बंद झालेलं. म्हणजे चारही बदलायच्या. ती गाडी माझ्या शेडमध्ये ठेवून पुण्याला गेली आणि रोज मोबाईलवर एकेक रीम पाठवायला लागली. पोरगी हुशार. आकडे तिचे तीच वाचायची, "काका, ऑफसेट बघा" म्हणायची. मी सांगायचो, ही नको, आरे ब्रेकला लागतील. तीही नको, ही वजन झेलणार नाही. आमचं दोघांचं छान जमलं होतं, पण रीम काही जमत नव्हती.

तिचा बाप किसन राठोड माझा जुना दोस्त. सेनगाव ते हिंगोली जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये माणसं मोजायची नसतात. आत, मागं, टपावर, जिथं जागा तिथं पॅसेंजर, आणि तरीही वाटेत कोणी हात केला की किसनभाऊ थांबणार. त्याला लेकीची ही गाडी बिलकुल आवडली नव्हती. तिनं मागं पहिल्यांदा गावी आणून दाखवली तेव्हा तो म्हणाला होता, "दोन माणसाची गाडी? अन् तांडा कुठं बसवशील?" ती हसली होती, पण तिला लागलं होतं. तेव्हापासून बाप त्या गाडीत एकदाही बसला नव्हता. हे तिनंच मला सांगितलं.

एक दिवस किसनभाऊ सहज आल्यासारखा आला. चहा सांग म्हणाला. मी चहा सांगून आलो तर हा तडकलेल्या चाकाच्या जागी वाकून काहीतरी करून राहिला होता. मला बघून सरळ झाला. तेव्हा मला कळलं नाही. टेबलावरचा पेपर मात्र अर्धाच उरला होता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळीच त्याची जीप दुकानात शिरली तेव्हा मागं चार नव्या कोऱ्या रीम, टायरासकट. किसनभाऊ छाती काढून उतरला.

"हैदराबादेहून आणल्या. पांचाळ, लाव आता. अरुणा दहाच्या गाडीनं येऊन राहिली. ती यायच्या आत लागल्या पाहिजेत."

"माप कुठून घेतलंस?"

त्यानं खिशातून घडी केलेला पेपर काढला. बोल्टवर दाबून त्यानं पेपराला भोकं पाडून घेतली होती आणि ती नेऊन दुकानदाराच्या रीमवर ठेवली होती. जीपवाल्यांची जुनी रीत. त्यांच्यात एका जीपची रीम दुसरीला लागते, रस्त्यात अडला तर उलटी करूनही लावतात आणि घरी येतात. मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. भोकं एकदम बराबर होती. पण पेपरावर बोल्टचं माप आलं होतं, हबचं नाही, आणि खोली तर पेपरावर येतच नाही.

मी रीम हबवर धरली. मधलं भोक मोठं. रीम हबवर खुळखुळली.

"किसनभाऊ, हे न्हाई चालायचं असं."

"काहून? बोल्ट तर गेले."

"बोल्ट गेले, पण चाक हबवर बसलं न्हाई. सगळा हिसका बोल्टवर येईल. तुझी जीप सांभाळून घेते. ही गाडी पळती. पुण्याच्या रस्त्याला थरथर सुटली म्हणजे?"

"तू लाव रे. आवळून लाव. आजवर मी काय चाक सोडून आलो का कधी?"

"न्हाई लावत."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुझ्यामुळं लेकरू दसऱ्यापासून रखडून राहिलं. तुला कुठलीच रीम पसंत न्हाई. मी आणली तर ती बी न्हाई. तू चाकं बघतो का नवरदेव?" एवढं बोलून तो बाहेर जाऊन जीपच्या फुटपायरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून.

दहाला अरुणा बसमधून उतरली. तिनं आधी रीम बघितल्या, मग बाहेर बसलेला बाप बघितला. मी तिला सगळं सांगितलं. तिनं स्वतः वाकून रीमच्या आतला आकडा वाचला, हबवर हात फिरवला आणि तोंड बारीक केलं. तिला कळलं होतं.

मग हळू आवाजात म्हणाली, "काका, लावून द्या. मी हळू चालवीन."

"हळू चालवायला घेतली का ही गाडी?"

"काका, बापूंना ही गाडी कधी आवडलीच नाही. आज त्यांनी स्वतः जाऊन, स्वतः निवडून काहीतरी आणलंय तिच्यासाठी. उद्या मेरा आहे." तांड्यावर दिवाळीला लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात, थोरामोठ्यांना ओवाळतात, त्याला मेरा म्हणतात. थोरांनी पोरीला काहीतरी द्यायचं असतं. "हे त्यांचं देणं आहे. ते परत कसं करू? लावलं नाही तर पुन्हा ते या गाडीचं नाव काढायचे नाहीत."

मला तिचं पटत होतं, खोटं काहून बोलू. पण बसलेलं नाही ते चाक पांचाळानं दिलं नाही, वडिलांपासून दिलं नाही. या पोरीच्या गाडीला तर नाहीच नाही. मी म्हटलं, "परत करायचं न्हाई. बसवायचं. पण बसल्यावरच जाईल."

मधलं भोक मोठं ही अडचण सुटण्यासारखी असते. हब आणि रीम यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचं कडं घालायचं, अगदी मापाचं. हिंगोलीत माझ्या ओळखीचा लेथवाला आहे, हात सोन्याचा. मी माप काढलं आणि किसनभाऊच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

"ऊठ. हिंगोलीला जा. कडी बनवून आण. तुझ्याच रीम बसवू."

त्यानं जीप अशी काढली की फाट्यावरचे लोक बाजूला झाले. लेथवाला दिवाळीच्या सफाईत होता, त्याला झाडूसकट धरून मशीनवर उभं केलं म्हणे. किसनभाऊ येईपर्यंत अरुणा आणि मी ब्रेकचं अंतर बघितलं. बोटभर सुटं. आतल्या दांडीपासूनही सुटं. रीम बाहेरच्या अंगाला मात्र थोडी जास्त येत होती. ती म्हणाली, "काका, इथं शंका आहे." मीही तेच म्हणत होतो.

कडी आली. पहिलं चाक हबवर सरकवलं तेव्हा तो आवाज झाला, लाकडी डब्याचं झाकण बसावं तसा. किसनभाऊनं तो ऐकला. "बसलं?" त्यानं विचारलं.

"हबवर बसलं. आता हळद."

मी चारही टायरना हळद लावली. गाडीत वजन पाहिजे. एरवी मी शेजारच्या सीटवर धान्याचं पोतं ठेवतो. मी पोतं उचलायला सांगितलं, आणि मग माझंच मला सुचलं. म्हटलं, "पोतं कशाला? किसनभाऊ, तू बस."

"मी? त्या पाटावर? पाय कुठं ठेवू?"

"तपासणी हाय. दोन माणसाची गाडी दोन माणसं बसवूनच तपासावी लागती. तुला तकलीफ असंल तर राहू दे, पोतं ठेवतो."

तो पोत्याकडं बघून चिडला आणि आत बसला. बसला म्हणजे घरंगळला. अरुणानं गाडी उतारावरून नेली, वळवली, परत आणली. मी बॅटरी मारली. पुढच्या दोन्ही मडगार्डमध्ये पिवळा पट्टा उमटला होता.

एकटी पोरगी बसली असती तर हे दिसलंच नसतं. बापाच्या वजनानं गाडी खाली दबली, तेव्हा टायर लागला. म्हणजे ती एकटी फिरली असती तर गाडी ठीक, आणि कोणाला शेजारी बसवलं की घासणार. किसनभाऊ उतरून, गुडघे टेकून, स्वतः आत बघून आला. पिवळं बोट त्यानं माझ्यासमोर धरलं.

"माझ्यामुळं?"

"दुकानदारामुळं. भरदार दिसावं म्हणून त्यानं रुंद टायर चढवून दिला. रीम तुझी चांगली हाय. टायर तेवढा मूळच्या रुंदीचा घालू, उंची तीच ठेवू."

"रीम चांगली हाय ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"चांगली हाय."

तो आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, लेकीला काहीतरी म्हणाला. मला सगळं कळलं नाही, पण ती हसली.

मूळच्या रुंदीचे टायर माझ्याकडं होते, मी ते या गाडीसाठीच आणून ठेवले होते. पुतण्यानं ते चढवले, बॅलन्स केले. पुन्हा हळद लावली. या वेळी किसनभाऊला सांगावं लागलं नाही, तो आधीच आत जाऊन बसला होता आणि पट्टा लावत होता. गाडी उतारावरून गेली, दोन्हीकडं वळली, परत आली. मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसलो आणि चारही ठिकाणी बघितलं. काळं अस्तर काळंच. हळद टायरवरच्या टायरवर.

"बसलं," मी म्हटलं. या एका शब्दासाठी मी हा धंदा केला. तो म्हणताना मला आजही वडिलांचा आवाज ऐकू येतो.

अरुणा उतरायला लागली. किसनभाऊ उतरेना. तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "पांचाळ, हा उतार लई छोटा हाय. कळमनुरीपर्यंत नेऊन बघितलं पाहिजे. तिकडं चढ हाय, वळण हाय. अर्धवट तपासणी काहून करायची?"

तपासायचं काही उरलं नव्हतं. मी बरणी उचलली आणि चारही टायरना पुन्हा हळद लावून दिली. अरुणानं माझ्याकडं बघितलं आणि पटकन मान वळवली. छप्पर उघडलेलं होतं. जाताना किसनभाऊनं एक हात बाहेर काढून दारावर ठेवला, जीपमध्ये ठेवतो तसा.

कळमनुरी काही लांब नाही. दुपार कलली, ते आले नाहीत. मला काळजी लागली, पुतण्या हसायला लागला. दिवेलागणीला फोन वाजला. मागं लेकरांचा नुसता कालवा.

"पांचाळ, आमी तांड्यावर पोचलो. घासलं न्हाई कुठंच."

"अरे, तू कळमनुरीला जाणार होतास ना?"

"व्हय. गेलो पुढं. इथं अरुणा एकेकाला बसवून फेरी मारून राहिली. पोरं, म्हाताऱ्या, सगळे रांगेत. तिच्या याडीचा, म्हंजी आईचा, नंबर आत्ता आला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळा तांडा बसतो रे तिच्यात. एकेक करून."

मी म्हटलं, "अन् तुझी जीप?"

"असू दे तिथं. उद्या-परवा येऊ आमी दोघं न्यायला."

किसन राठोडनं आपली जीप कधी कोणाच्या भरवशावर सोडलेली मला माहीत नाही. आज ती माझ्या अंगणात उभी होती, चावी तशीच लावलेली. पुतण्यानं दुकानापुढं पणत्या मांडल्या होत्या. मी त्यातली एक उचलली आणि जीपच्या पुढच्या चाकाजवळ ठेवली.